कुठल्या खणात

जुलै. सदरलंडच्या माळावर उणे सहा.
मेंढ्या एकमेकींत तोंडं खुपसून दगडासारख्या.
वृश्चिकाची नांगी बरोबर घुमटाच्या फटीवर,
आणि तिच्या पलीकडे, आकाशगंगेच्या गढूळ पोटात,
एक ठिपका. परवा नव्हता.

ब्राझीलमधल्या एका दंतवैद्याला दिसला तो.
एव्हाल्दो नावाचा माणूस. दिवसभर दाढा,
रात्री गच्चीवर कॅमेरा.
त्याने कळवलंय : "बहुधा नवतारा."
बहुधा.
त्या एका शब्दासाठी माझी रात्रपाळी.

कारण दिसतं तसं नसतं.
गेल्या मंगळवारचा असाच एक 'बहुधा'
म्हातारा तांबडा तारा निघाला,
वर्षाकाठी फुगतो आणि ओसरतो, एवढंच त्याचं.
त्याआधीचा तर लघुग्रह. वाटसरू,
दुसऱ्या रात्री पुढच्या गावी.
उजेड नुसता बघून कळत नाही.
उजेड विंचरावा लागतो.

हे मला दुर्बिणीने नाही शिकवलं.
माझा बाप, आबेल फिलँडर, चाळीस वर्षं
कातरणीच्या शेडमध्ये लोकर पारखायचा.
ताजी लोकर टेबलावर फेकली जायची, उबदार, अख्खी,
जणू मेंढी अजून आतच आहे.
तो मधोमध बोटं घालून दोन्हीकडे सारायचा,
वरचा मळ, धूळ, कुसळं बाजूला होऊन
आतला पांढरा वळसा उघडा पडायचा.
एक बट ओढायचा, कानाशी ताणायचा. टण्‌ वाजली तर बरी.
मग न बघता फेकायचा, ज्या त्या खणात.
कधी चुकलो नाही, असं तो म्हणतो.
(आई वेगळं सांगायची.)

मी आरसा वळवते,
ठिपका चिरेवर बसवते. केसाएवढी चीर,
तिच्यातून थोडासाच उजेड आत येतो, जाळीवर आपटतो
आणि उलगडतो.
वीस मिनिटं. रूइबॉसचा कप. पुन्हा वीस.
निऑनचा दिवा लावून मापपट्टी जुळवते.

आणि पडद्यावर
जिथे हायड्रोजनची तांबडी रेघ असायला हवी, शिस्तीत, बारीक,
तिथे डोंगर.
रुंद, खांदे पडलेला,
आणि त्याच्या निळ्या अंगाला, पायथ्याशीच, खड्डा.

खड्डा महत्त्वाचा.
खड्डा म्हणजे आपल्या दिशेने येणारं काहीतरी,
ताऱ्याच्या तोंडावर धरलेला, अजून पसरत जाणारा पडदा.
मी वेग काढते : सेकंदाला तेराशे किलोमीटर.
पुन्हा काढते.
हिरव्यात लोखंडाच्या तीन रेघा, बहिणींसारख्या ओळीने.
पिवळ्यात सोडियमची बारीक जोडचीर, पण ती ह्याची नाही,
वाटेतल्या वायूची. कुसळ. बाजूला सारते.

तर असं झालंय :
तिथे एक विझलेला, पृथ्वीएवढा, भलताच जड गोळा
शेजारणीचा हायड्रोजन चोरत बसला होता.
थेंब थेंब. युगानुयुगं. कोणी बघितलं नाही.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात,
ह्याच्या तर अंगातच फुटलं.
आणि गंमत म्हणजे मरत नाही. पुन्हा चोरेल.

पाच वाजता चार ओळींचा अहवाल.
नवतारा. स्फोटाची सुरुवात. लोखंडी वर्ग.
'बहुधा' खोडते.
तिकडे मध्यरात्र. एव्हाल्दो अजून गच्चीवरच असेल.

बापाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
पण दारात बूट झाडले की ओळखतो.
"काय निघालं?"
"नवा तारा. म्हणजे नवा नाही. जुनाच."
"ते राहू दे. कुठल्या खणात टाकलास?"
"लोखंडाच्या."
त्याने अंगठा तर्जनीवर घासला,
मधे काही नव्हतं.
"धागा जाड?"
"खूप जाड."
"भरड," तो म्हणाला, जरा नाराज,
आणि पावावर जर्दाळूचा जाम पसरू लागला.